दुरुस्तीच्या टेबलावरून : उडणारी रेष

प्रश्न : काका, मी खानापूरचा. भंगारात टेक्ट्रॉनिक्सचा ७६०३ स्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर रेषेत दाखवणारा ऑसिलोस्कोप) मिळाला, आत दोन चॅनेलचं, म्हणजे दोन सिग्नल घेणारं, ७ए१८ हे काढघाल करायचं युनिट आहे. दुसऱ्या चॅनेलचं, पडद्यावरचं एक घर किती व्होल्टचं ते ठरवणारं बटण १० मिलिव्होल्टवर आणलं की रेष उडते. बटण कडेला दाबून धरलं की जागेवर येते. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, कॉन्टॅक्ट साफ करायचा स्प्रे मारा. मारू?

उत्तर : नको. स्प्रे आधी कपाटात ठेवा.

स्कोप बंद करून युनिट उपसा आणि शेजारच्या व्हर्टिकल (रेष वरखाली हलवणाऱ्या) खणात बसवा. रेष तिथंही उडली तर दोष युनिटातच.

आता दोन चॅनेलचा खरा उपयोग. एक आजारी असला तरी दुसरा धडधाकट आहे की! टी-कनेक्टरनं कॅलिब्रेटरची (स्कोपमधूनच निघणारी, ठरलेल्या मापाची) चौकोनी लाट दोन्हीकडं द्या, दोन्ही बटणं एकाच आकड्यावर ठेवा, चॅनेल २ उलटा करा आणि 'ॲड' (दोन्हींची बेरीज) लावा. वजाबाकी होऊन रेष जवळजवळ सपाट दिसायला हवी. बटणाला ५ मिलिव्होल्ट ते ५ व्होल्ट अशा दहा पायऱ्या आहेत. पायरीला शोभेल एवढंच व्होल्टेज द्या. जिथं लाट डोकं वर काढेल, तिथला कॉन्टॅक्ट गुन्हेगार.

बटणामागं उंचवट्यांचा एक कॅम, म्हणजे रूळ, फिरतो. तो पातळ पत्र्याची बोटं बोर्डावरच्या सोन्याच्या मुलाम्यावर टेकवतो. खानापूरच्या पावसाळ्यात त्यावर थर न बसला तरच नवल. कोऱ्या, छपाई नसलेल्या कार्डाची अरुंद पट्टी कापा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवा, टेकलेल्या बोटाखाली सरकवा आणि हलकेच ओढून घ्या. पट्टी काळी निघते. स्वच्छ निघेपर्यंत नवी घ्या. पॉलिश पेपर घासलात तर सोनं गेलं, आणि बोट वाकवलंत तर चॅनेलच गेला.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याचा स्कोप मी तरुणपणी असाच तेलकट स्प्रेनं 'बरा' केला होता. तेल बोर्डावर पसरलं. इनपुटचा रोध १ मेगोहम, म्हणजे दहा लाख ओहम, त्याला विजेची एवढीशी गळतीही पुरते. रेष आठ दिवस वरखाली सरकत राहिली आणि मालक रोज संध्याकाळी दुकानात येऊन, चहा न घेता, नुसते बसायचे.

युनिट दुसऱ्या खणात ठेवलंत तर पुढच्या पट्टीवरचा 'गेन' (लाटेची उंची बरोबर करणारा) स्क्रू तपासा : ०.४ व्होल्टची लाट ०.१ व्होल्टच्या पायरीवर बरोबर चार घरं भरली पाहिजे.