शेडच्या पत्र्यावर गळती काढायला चढताना सेफ्टी बेल्ट पुरेसा असतो का?

नाही. तुम्ही लिहिलंय की शेड जुन्या सिमेंटच्या पत्र्यांची आहे, ठेकेदार बेल्ट देतो आणि कामाच्या परमिटवर (वर चढायच्या लेखी परवानगीवर) सही तुमची असते. मला बेल्टपेक्षा पत्र्याची काळजी वाटते.

मी एमआयडीसीत मेंटेनन्स आणि सेफ्टी बघतो. मे महिना आला की सगळीकडे माणसं शेडवर चढतात. माणूस कडेवरून घसरेल अशी सगळ्यांना भीती; जुन्या शेडवर तो मधूनच, पत्र्यासकट खाली येतो. सिमेंटचा पत्रा ऊन-पावसाने ठिसूळ होतो. उजेडासाठी मध्ये बसवलेला फायबरचा पत्रा तर धूळ-शेवाळ बसून शेजारच्यासारखाच दिसतो, कधी त्यावर कुणी डांबरही फासलेलं असतं. ‘बोल्टच्या ओळीवरून चाला, खाली पर्लिन असते’ असं सगळे सांगतात; पर्लिन म्हणजे पत्रा ज्यावर बसवतात तो आडवा लोखंडी आधार. हातात डांबराचा डबा घेऊन तेवढ्या पट्टीवर चालणं म्हणजे डोंबाऱ्याचा खेळ! 6 मीटरवरून माणूस साधारण सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर असतो, ताशी जवळपास 40 किलोमीटरच्या वेगाने.

आता बेल्ट. नुसता कमरेचा पट्टा असेल तर परत पाठवा, खांदे-मांड्यांसकट अंगभर पट्टे असलेला फुल बॉडी हार्नेसच हवा. मग विचारा, हुक कशाला अडकवणार? पत्रा धरणाऱ्या जे-बोल्टला किंवा पन्हाळीला अडकवलेला हुक फोटोपुरता असतो. ट्रसला, म्हणजे छताच्या मुख्य लोखंडी सांगाड्याला, बांधलेली लाइफलाइन (हुक अडकवायचा मजबूत दोर) हवी. तिथेही एक हिशोब आहे: 1.8 मीटरची दोरी, झटका बसल्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बर उसवून आणखी मीटर-सव्वा मीटर, शिवाय माणसाची उंची आणि थोडं राखीव अंतर. हुक पायाशी असेल तर खाली साधारण साडेपाच मीटर मोकळं लागतं. तुमच्या शेडखाली मशीन असेल तर हार्नेस घालूनही माणूस मशीनवर आदळेल.

म्हणून आधी बघा, काम खालून सिझर लिफ्टवरून (माणसाला वर उचलणाऱ्या फलाटावरून) होतं का. वर जावंच लागलं तर दोन-तीन पर्लिनवर टेकतील अशा क्रॉलिंग बोर्डांवरूनच (पत्र्यावर टाकायच्या लांब फळ्यांवरूनच) चालायचं, किमान दोन बोर्ड, म्हणजे एकावर उभं राहून दुसरा सरकवता येतो. पत्र्याखाली जाळी, आणि खालची जागा दोरी लावून बंद. पत्रा ओला असेल तर काम उद्यावर.

ठेकेदाराच्या माणसांचे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नंबर चढण्याआधीच मागून घ्या. कामावरच्या अपघाताचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो, पण नोंदणीच नसेल तर प्रकरण तुमच्या कंपनीच्या गळ्यात येतं. ‘दहा वर्षं चढतोय’ म्हणणाऱ्याला एवढंच सांगा, की पत्राही दहा वर्षांनी जुना झालाय. बोर्ड आले नाहीत तर सही करू नका.