ठिणगी पडते, पण बार उडत नाही

प्रश्न : अठराव्या शतकातल्या लष्करी बंदुकीची नवी बनवलेली प्रतिकृती मी रीतसर परवाना काढून घेतली आहे. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची, चकमकीवर चालणारी. रेंजवर दहा वेळा चाप ओढला तर बार तीन-चारदाच उडतो. एरवी नळीच्या बाजूच्या वाटीतली रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भडकते, धूर होतो आणि गोळी नळीतच राहते. रंजक वाढवू का? आणि दर वेळी बंदूक धुवावीच लागते का?

उत्तर : वाढवू नका, कमी करा. पहिलं वर्षभर मीही वाटी काठोकाठ भरत असे. वाटीतून नळीत जाणाऱ्या बारीक छिद्राला कान म्हणतात. रंजक कानावर चढून बसली की ती वातीसारखी जळत जळत आत जाते, किंवा मधेच विझते. आतली दारू पेटवायची असते ती रंजकेच्या झळेने. म्हणून अर्धी वाटी पुरे, आणि कान मोकळा दिसला पाहिजे. रंजकेला अगदी बारीक दाण्याची काळी दारू घ्या, आणि प्रत्येक बारानंतर कानातून तार फिरवा. तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय कानावरच येतो.

मग चकमक बघा. ठिणग्या दगडाच्या नसतात; दगडाची धार समोरच्या पोलादी पट्टीचे कण खरवडते आणि ते जळतात. धार बोथट झाली, तिरकी बसली किंवा पोलादाला तेल लागलं की ठिणग्या मरगळतात. चाप ओढल्यावर दगड पोलादावर आपटणारा भाग म्हणजे घोडा; दगड त्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरा, म्हणजे तो घट्ट राहतो. तुमच्या बंदुकीत ठिणग्या पडतात, त्यामुळे पोलाद चांगलं असावं. शोभेच्या प्रतिकृतींत ते मऊ असतं, कधी कान पाडलेलाच नसतो. नळीवर दाबाच्या चाचणीचा शिक्का नसेल तर ती बंदूक भिंतीवरच राहू द्या.

रंजक भडकून पुढे काही झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवा आणि साठ आकडे मोजा. हे मी कळकळीने सांगते आहे. एकदा असंच सगळं शांत झालं म्हणून मी नळी खाली घेतली आणि तेवढ्यात बार उडाला. गोळी माझ्या पायापासून हातभर अंतरावर मातीत शिरली. त्या दिवसापासून मी मोजल्याशिवाय हलत नाही. ठिणगी आणि बार यांच्यातलं हे अंतर जुन्या शिकाऱ्यांनाही छळायचं. अलेक्झांडर फोर्साइथ हे स्कॉटिश धर्मोपदेशक पाणपक्ष्यांची शिकार करत. वाटीतला भडका दिसताच पक्षी सावध होत. त्या त्रासातूनच त्यांनी ठोक्याने पेटणारं मिश्रण वापरायची युक्ती काढली आणि 1807 साली तिचं पेटंट घेतलं.

भरताना दारू मापाने घ्या, डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका; आत एखादा निखारा धुमसत असेल तर डबाच हातात पेटेल. गोळी दारूवर पूर्ण टेकली पाहिजे, मधे पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. मी भरलेल्या नळीच्या मापाची खूण ठासायच्या गजावर करून ठेवली आहे. रंजक घालायची ती नेमबाजीच्या रेषेवर उभं राहिल्यावरच. कानातून आडवी ज्वाळा निघते, तेव्हा त्या बाजूला कुणी उभं नको, आणि चष्मा तर हवाच. आधुनिक बिनधुराची दारू या नळीत चिमूटभरसुद्धा जाता कामा नये, तिचा दाब ही नळी पेलत नाही.

धुण्याबद्दल : हो, दर वेळी, आणि त्याच दिवशी. काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असतं. तिची राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड खाऊ लागते. गरम पाण्यात भिजवलेल्या चिंध्या गजाने आत फिरवा, कोरड्या चिंध्यांनी पुसा, मग तेलाचा हात द्या. घोडा आणि त्याची कळही विसरू नका. पुढच्या वेळी भरण्याआधी मात्र ते तेल नळीतून आणि कानातून पुसून काढा, नाहीतर पहिला बार फुसका जाईल.