इंग्लंडमध्ये बऱ्याच वर्षांनी परत फेरेट (बिळात शिरून सशांना बाहेर हुसकावणारा मुंगसासारखा पाळीव प्राणी) घेऊन सशांच्या शिकारीला जायचंय, घरचा कुत्रा मदतीला तयार होईल का?

होईल की, पण आधी त्याला फेरेटची सवय लावा. पिंजऱ्याच्या जाळीआडून रोज भेटवा, मग कुत्रा पट्ट्याला धरून फेरेट समोर मोकळा सोडा, नुसता टक लावून बघायला लागला तरी तिथेच दटावा, कारण बिळातून फेरेटचं डोकं बाहेर आलं आणि यानं तोंड घातलं तर संपलंच. ससा आत असला की चांगला कुत्रा बिळाच्या तोंडाशी नाक लावून थिजतो, रिकाम्या बिळावरून सरळ पुढे जातो, ससा असलेल्या बिळाच्या तोंडांवर गुपचूप जाळ्या लावायच्या, म्हणजे फेरेटनं हुसकावलेला ससा त्यात अडकतो. ऑक्टोबर ते मार्च बरा, झुडपं विरळ असतात आणि बिळात पिल्लंही कमी. फेरेटला लोकेटर कॉलर, म्हणजे तो जमिनीखाली कुठे आहे ते कळवणारा पट्टा, घालाच. जमीन स्वतःची नसेल तर ती ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी पण हवीच, कुत्र्यांनी शिकार करण्यावर बंदी घालणाऱ्या २००४ च्या हंटिंग अ‍ॅक्टमधली सशाची सूट त्याच अटीवर आहे.