रजेवर येताना पिस्तूल आणायचं का?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

फौजदारकीची पहिली नेमणूक झाली, नावावर पिस्तूल मिळालं आणि आता गणपतीला कोल्हापूरला येताना ते सोबत आणू का, असं तू विचारलंस. जमा करून ये. तुझ्या जिवाला नेमका धोका असेल, तो वरिष्ठांना लेखी कळवलेला असेल आणि त्यांनी लेखी परवानगी दिली असेल, तरच आण.

पोलीस चोवीस तास ड्युटीवर असतो, हे तुला एव्हाना कुणीतरी ऐकवलं असेलच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २८ मध्ये ते आहे. पण त्या कलमाने तुला कधीही, कुठेही कामाला लावता येतं, एवढंच. शस्त्राचा हिशेब वेगळा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये लोकसेवकाला सूट आहे ती कर्तव्य बजावताना. रजेच्या दिवशी रंकाळ्यावर फिरताना कमरेला सरकारी पिस्तूल का होतं, याचं उत्तर कागदावर नसेल तर तोंडी उत्तराला कुणी विचारत नाही. स्वतःचा परवाना काढायचा म्हणालास, तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा आणि चौकशी अहवाल पोलिसांचा लागतो. त्यावरही पॉइंट ३२ सारखंच हत्यार मिळेल, ९ एमएम निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे खासगी परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात, मोडतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तेही सार्वजनिक जागी होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुझ्या ताब्यातच असलं पाहिजे.

आता गर्दीचं बघ. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर किंवा नवरात्रात अंबाबाईच्या दर्शन रांगेत माणसाला माणूस चिकटलेला असतो. तिथं कमरेवरच्या पिस्तुलाला कुणाचा हात लागला हेही कळत नाही. ९ एमएमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने सुटते आणि एका माणसाच्या अंगातून आरपार जाऊन मागच्याला लागू शकते. त्या रस्त्यावर "मागे कुणी नाही" अशी दिशाच सापडत नाही. नेम कितीही चांगला असला तरी हे बदलत नाही.

समज, राजारामपुरीत तुझ्या डोळ्यांदेखत कुणी गळ्यातली साखळी हिसकावली आणि गाडीवरून पळाला. हात कमरेकडे जाईल, तो आवर. हिसकावून केलेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये येते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अटक करताना आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याखेरीज नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ सांगतं. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीस तर आरोपी तू होशील. गाडीचा नंबर, शर्टाचा रंग, गेला ती दिशा टिप आणि ११२ ला फोन लाव. तो चाकू घेऊन कुणाच्या अंगावर गेला, मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण झाली, की न्याय संहितेचं कलम ३८, म्हणजे बचावात जीव घेण्यापर्यंतचा अधिकार, लागू होतं. तिथंही कलम ३७ ची मर्यादा आहेच, बचावाला लागेल तेवढंच बळ.

लेखी परवानगीने पिस्तूल आणलंसच, तर पुढचं नीट वाच.

रिकामं करण्याचा क्रम कधीही चुकवू नकोस. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, बाहेर. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, काढ. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकव, चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते त्या जागी) डोळ्याने बघ आणि करंगळीने चाचप. पुष्कळ जण उलटं करतात: आधी स्लाइड ओढतात, एक राऊंड (गोळी) बाहेर पडतो, स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधला दुसरा राऊंड चेंबरमध्ये ढकलते, आणि मग मॅगझिन काढून पिस्तूल रिकामं समजतात. ईशापूरच्या कारखान्यात बनणाऱ्या ९ एमएम वन-ए पिस्तुलामध्ये आणखी एक फसगत आहे. मॅगझिन काढलं की त्याचा ट्रिगर हॅमर, म्हणजे गोळी उडवणारा मागचा हातोडा, पाडत नाही. त्यामुळे चेंबरमध्ये राऊंड असला तरी "दाबून बघितलं, काही झालं नाही" असं वाटतं. पुढे कुणीतरी रिकामं मॅगझिन बसवून हॅमर पाडायला जातो आणि गोळी सुटते. ट्रिगर दाबणं ही तपासणी कधीच नसते.

होल्स्टर ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं, पकड असणारं घे आणि पट्टा जाड. नुसतं पँटीत खोचलेलं पिस्तूल मोटारसायकलवर बसताना सरकतं, मग ते सावरायला गेलेलं बोट नेमकं ट्रिगरवर पडतं. आपल्याकडच्या पावसात कातडी होल्स्टर ओल धरतं, म्हणून रात्री पिस्तूल त्यात ठेवू नकोस. कोरड्या कापडाने पुस, तेलाचा पुसट हात फिरव. काडतुसांना मात्र तेल लागू देऊ नकोस, ठिणगी देणारा प्रायमर खराब होतो. घरी भाच्या-पुतण्यांचा राबता आहे. पिस्तूल एका कुलपात, राऊंड दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या तुझ्याकडे. एसटीत वरच्या कप्प्यातल्या बॅगेत कधीही नाही. आणि जेवणाच्या बैठकीत दारू असेल तर त्या दिवशी हत्यार कुलपातच.

साध्या कपड्यांतल्या पोलिसाला मोठा धोका गणवेशातल्या पोलिसाकडूनही असतो, हे फार थोडे जण लक्षात घेतात. धावत आलेल्या बीट मार्शलला, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाला, हातात पिस्तूल धरलेला एक अनोळखी माणूस दिसतो, बस्स. म्हणून ११२ ला सांगतानाच "मी पोलीस आहे, निळा शर्ट, साध्या कपड्यांत" हे सांग, किंवा शेजारच्याला सांगायला लाव. धोका टळताच पिस्तूल होल्स्टरमध्ये घाल. ते आले की दोन्ही हात उघडे आणि दिसतील असे ठेव. ओरडून ओळख सांग, ओळखपत्र त्यांनी मागितल्यावरच काढ. पिस्तूल हातात असताना आवाज आला तर त्या दिशेला वळू नकोस, तुझ्याबरोबर नळीही वळते. त्यांनी "खाली बस" म्हटलं तर बस. हुद्द्याचा वाद तिथं घालायचा नाही.

गोळी सुटलीच तर आधी १०८ ला फोन आणि जखमीचा रक्तस्राव दाबून धर, मग तो कुणीही असो. झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या उचलू नकोस. पंचनाम्यात त्या जिथं पडल्या तिथंच मोजल्या जाव्यात. पिस्तूल पुसू नकोस, मॅगझिन भरू नकोस, आहे त्या स्थितीत तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात दे आणि शिल्लक राऊंडची नोंद तुझ्यासमोर करून घे.

रजेचा अर्ज टाकशील त्याच दिवशी कोतातल्या (शस्त्रागारातल्या) आर्मररला, म्हणजे हत्यारं सांभाळणाऱ्याला, भेट. पिस्तुलाचा नंबर, मॅगझिन आणि राऊंड मोजून रजिस्टरला चढव, सही घे, आणि मगच गाडी पकड.