कोड दिला, पैसे आले. मग खातं का गोठलं?

गिफ्ट कोड (गिफ्ट कार्डावरचे, खरेदीत पैशासारखे चालणारे कोड) ऑनलाइन विकणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यात अडकणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिक असतो आणि आपलं काय चुकलं हेच त्याला कळत नाही.

प्रश्न : क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर मिळालेले आणि सवलतीत घेतलेले गिफ्ट कोड मी टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये विकतो. गेल्या महिन्यात एकाने ८,००० रुपयांचे कोड घेतले आणि माझ्या क्यूआरवर पूर्ण रक्कम भरली. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच मी कोड पाठवले. बारा दिवसांनी खातं गोठलं. परराज्यातल्या सायबर पोलिसांची सूचना आहे, एवढंच शाखेतून सांगतात. मी कुणालाच फसवलेलं नाही. आता काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्याशी बोलणारा माणूस आणि पैसे भरणारा माणूस वेगळे होते, अशी दाट शक्यता आहे. हा प्रकार असा चालतो. भामटा तुमच्याकडून क्यूआर मागून घेतो. त्याच वेळी दुसरीकडे तो कुणाला तरी ‘घरबसल्या काम’, ‘वीज तोडली जाईल’ किंवा ‘भाड्याच्या घराचं डिपॉझिट’ अशा बहाण्याने पैसे भरायला लावत असतो. त्या माणसाला तो तुमचाच क्यूआर पाठवतो. पैसे खरे असतात, तुमच्या खात्यात खरेच जमा होतात. तुम्ही कोड देता, भामटा तो काही मिनिटांत कमी भावात पुढे विकून मोकळा होतो. फसलेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवतो, तेव्हा त्याच्या बँकेच्या नोंदीत एकच नाव असतं : तुमचं. भामट्याचा त्या व्यवहारात कुठे मागमूसही नसतो.

गिफ्ट कोड त्याला सोयीचा का, हेही समजून घ्या. मोबाइल विकत घ्यायचा तर पत्ता द्यावा लागतो, कुरिअर येतं, कॅमेऱ्यात चेहरा येतो. कोडावर नाव नसतं, पत्ता नसतो, आणि एकदा वाचला की तो परत घेता येत नाही.

आता करायचं काय? आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात पाच गोष्टी मागा : तक्रारीचा क्रमांक, वादातली नेमकी रक्कम, त्या व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक), सूचना पाठवणाऱ्या पोलीस ठाण्याचं नाव व अधिकाऱ्याचा ईमेल, आणि कोणत्या कलमाखाली खातं थांबवलं आहे. तोंडी उत्तरावर परत फिरू नका. दुसऱ्या अर्जात अशी विनंती करा की फक्त वादातल्या ८,००० रुपयांवर लिअन ठेवावा, म्हणजे तेवढीच रक्कम अडकवावी, आणि उरलेलं खातं मोकळं करावं. ही मागणी अवाजवी नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच काही खातेदारांच्या बाबतीत गोठवणं वादातल्या रकमेपुरतं मर्यादित ठेवायला सांगितलं होतं.

त्यानंतर तपास अधिकाऱ्याला एकच नीट ईमेल करा. त्यात या क्रमाने कागद लावा : कोड तुम्ही कुठून, कधी, किती रुपयांना घेतला त्याची पावती, ग्राहकाशी झालेलं सगळं संभाषण, त्याचा नंबर आणि टेलिग्रामचं युजरनेम दिसेल असं, पैसे जमा झाल्याची वेळ, कोड पाठवल्याची वेळ. संभाषणाचे निवडक तुकडे देऊ नका, अख्खं संभाषण एक्सपोर्ट करून द्या. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्ही बाजूंचे मेसेज पुसू शकतो, म्हणून हे काम आजच उरका. कोड वापरला गेला का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा. वापरला नसेल आणि कंपनीने तो बंद केला, तर नुकसान तिथेच थांबतं. मात्र ॲमेझॉनच्या गिफ्ट कार्डांच्या अटींत ती पुन्हा विकायला मनाई आहे, आणि इतरही काही कंपन्यांच्या अटी तशाच आहेत. तिथून मदत मिळेलच असं धरून चालू नका.

एक चूक अजिबात करू नका. ‘तक्रार मागे घेतो, पैसे या नंबरवर परत पाठवा’ असा फोन आला तर पाठवू नका. तो नंबर फसलेल्या माणसाचाच आहे याला कसलाही आधार नसतो, आणि पैसे गेले तरी लिअन तसाच राहतो. रक्कम परत करायची तयारी असेल तर तसं तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि बँकेमार्फतच ती जाऊ द्या.

पुढच्या विक्रीसाठी आमचा आग्रह एका गोष्टीचा आहे : पैसे ग्राहकाच्याच खात्यातून येत आहेत का, हे कोड देण्याआधी तपासायचं. क्यूआर देण्यापूर्वी ग्राहकाचा यूपीआय आयडी मागा. तो तुमच्या ॲपमध्ये टाकला की बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. त्या आयडीवर १ रुपया पाठवा आणि शेऱ्यात मनाने ठरवलेला चार आकडी अंक लिहा. तो अंक ग्राहकाने तुम्हाला सांगायचा. खातं त्याचंच असेल तर अर्ध्या मिनिटात सांगेल. दुसऱ्याच्या पैशावर खेळणारा बहुधा इथेच टाळाटाळ सुरू करतो : ‘भावाच्या खात्यातून करतो’, ‘घाई आहे’, ‘आधी कधी कुणी असं विचारलं नाही’. मग रक्कम आली की पाठवणाऱ्याचं नाव आधी दिसलेल्या नावाशी ताडून पाहा. नाव वेगळं निघालं तर कोड थांबवा आणि बँकेला कळवा.

ही युक्तीही अभेद्य नाही. फसलेल्या माणसाच्या फोनवर भामट्याने स्क्रीन दिसणारं ॲप टाकून घेतलं असेल तर तो अंक त्यालाही दिसेल. म्हणून नव्या ग्राहकाला पहिल्या दिवशी १,००० रुपयांच्या वर कोड देऊ नका आणि तुमचा क्यूआर ग्रुपमध्ये उघडा टाकू नका. आणि कृपा करून हे पैसे पगाराच्या खात्यात घेऊ नका. खातं गोठतं तेव्हा घराचा हप्ता, मुलांची फी, आईची औषधं, सगळं एकदम अडकतं. ते पाहवत नाही.

प्रश्न : पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि बँकेचा एसएमएस, दोन्ही आले तर कोड द्यायला हरकत आहे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : हरकत आहे. स्क्रीनशॉट बनवणारी ॲप्स आहेत, आणि ‘बँकेचा’ एसएमएस साध्या दहा आकडी नंबरवरूनही पाठवता येतो. स्वतःच्या बँकेचं ॲप उघडा, पासबुकात रक्कम आणि १२ आकडी यूटीआर दिसला तरच पैसे आले.

याच प्रकाराचं दुसरं रूप म्हणजे ‘५०० ऐवजी चुकून ५,००० गेले, उरलेले परत करा’. जमा झालेलंच नसतं, पाठवणार मात्र तुम्ही खरे. पैसे घेताना यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन मागणारा पडदा आला की तुमच्या खात्यातून पैसे जाणार आहेत. दोन व्यक्तींमधल्या ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ (पैसे मागणाऱ्या विनंत्या) १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्या, पण व्यापाऱ्याच्या नावाने येणाऱ्या विनंत्या आणि ऑटोपेची (खात्यातून आपोआप पैसे कापण्याची) मंजुरी मागणारे संदेश अजून येतात.

‘खात्री म्हणून अर्धा कोड दाखवा’ हेही मान्य करू नका. १६ अंकांपैकी १२ दिसले तर उरलेल्या चारच्या फक्त १०,००० शक्यता राहतात. फोटोत बारकोड दिसला तर तेवढंही करावं लागत नाही. खात्रीच द्यायची तर कोड झाकलेली खरेदीची पावती दाखवा.

प्रश्न : माझी गेम आणि ॲप स्टोअरचे कोड विकणारी छोटी वेबसाइट आहे. विक्री वाढावी म्हणून पेमेंट गेटवेवर (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेवर) परदेशी कार्डं सुरू केली. पहिले सहा आठवडे छान गेले, आता रोज चार्जबॅक (कार्डधारकाच्या बँकेने उलटवलेले व्यवहार) येत आहेत. ओटीपीशिवाय पैसे गेलेच कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याकडे ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली, त्यामुळे ओटीपी आपल्याला निसर्गनियमासारखा वाटतो. हे बंधन भारतात दिलेल्या कार्डांना आहे. परदेशातल्या अनेक कार्डांवर नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होतो. चोरलेले नंबर इथेच वापरले जातात. व्हिसाच्या नियमांत कार्डधारकाच्या बँकेला असा व्यवहार उलटवायला साधारण १२० दिवस मिळतात. तुमचे सहा आठवडे चांगले गेले ते एवढ्यासाठीच : खऱ्या मालकांनी स्टेटमेंट अजून पाहिलं नव्हतं.

आधी हिशेब बघा. समजा १,००० चा कोड तुम्हाला ९४० ला पडतो आणि तुम्ही तो ९८० ला विकता. गेटवेचं शुल्क २ टक्के धरलं तर १९.६० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३.५३, म्हणजे २३.१३ रुपये. हाती उरले १६.८७. परदेशी कार्डांवर शुल्क जास्त असतं, तिथे याहूनही कमी उरतं. एक चार्जबॅक आला की कोडाचे ९४० आणि शुल्काचे २३.१३ गेले, चार्जबॅकचा दंड वेगळा. तो खड्डा भरायला ५८ चांगल्या ऑर्डर लागतात. इतक्या पातळ नफ्यावर परदेशी कार्डं घेणं आम्हाला परवडणारं वाटत नाही. आज डॅशबोर्डवरून ती बंद करा.

सुरू ठेवायचीच असतील तर गेटवेला सांगून फक्त थ्रीडीएस (कार्ड देणाऱ्या बँकेची दुसरी खातरजमा) पूर्ण झालेले व्यवहार स्वीकारा. खातरजमा पूर्ण झाली असेल तर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ या दाव्याची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. ‘कोड मिळालाच नाही’ हा दावा मात्र तरीही तुमच्याच अंगावर राहतो. त्यासाठी कोड ईमेलमध्ये उघडा पाठवू नका. लॉगिन करून ‘कोड दाखवा’ बटण दाबायला लावा आणि त्या क्षणाची वेळ, आयपी पत्ता आणि डिव्हाइस नोंदवून ठेवा. कुरिअरची पोच नसलेल्या मालात हीच तुमची पोच. चार्जबॅकची सूचना आल्यावर त्यातल्या मुदतीच्या आत ही नोंद पाठवली नाही तर दावा आपोआप हरला.

नव्या ग्राहकाचा कोड निदान १२ तास थांबवा. प्रामाणिक ग्राहक कुरकुरतो, पण थांबतो. कार्डाचा देश आणि आयपीचा देश जुळत नसेल तर ऑर्डर हाताने तपासा. एकाच डिव्हाइसवरून तासात तीनदा पेमेंट फसलं तर ते डिव्हाइस अडवा. चोरीचे नंबर चालतात का हे पाहायला लहान रकमा लागोपाठ मारल्या जातात : पंधरा-वीस फसलेले प्रयत्न आणि मध्येच एखादा यशस्वी, अशी रांग दिसली की तो यशस्वी व्यवहारही स्वतःहून परत करा. तो पुढे चार्जबॅक होऊन येणारच आहे, आणि परतावा त्यापेक्षा स्वस्त पडतो.

प्रश्न : मी जर्मनीत शिकते. उरलेले गिफ्ट कोड पेपॅलवर विकले तर संरक्षण मिळेल ना? ग्राहक ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने (ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या पर्यायाने) पैसे पाठवतो म्हणतोय.
– एक वाचक, आखेन

उत्तर : मिळणार नाही. पेपॅलच्या विक्रेता संरक्षणातून गिफ्ट कार्डांसारख्या रोखीसमान वस्तू वगळलेल्या आहेत, आणि खरेदीचा व्यवहार असेल तर ग्राहकाला वाद उभा करायला १८० दिवस मिळतात. ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवलेल्या पैशावर ग्राहकाला खरेदीचं संरक्षण नसतं, म्हणून ते तुम्हाला पक्के वाटतात. पण पाठवणाऱ्याचं पेपॅल खातं किंवा त्यामागचं कार्ड चोरीचं निघालं तर तेही उलटतात आणि तुमची शिल्लक उणे होते. ओळखीच्या वर्गमैत्रिणीला समोरासमोर विका, किंवा कोड स्वतः वापरून टाका.