'उत्तेजन' की 'प्रोत्साहन'?

जालन्याच्या एका ताईंनी विचारलंय: बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात, 10:24 मध्ये, प्रीती व सत्कर्मे करण्यास 'उत्तेजन' येईल असं एकमेकांकडे लक्ष देऊ, असं आपण वाचतो. पण 'उत्तेजक द्रव्य', 'उत्तेजित जमाव' ऐकत वाढलेल्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांना तो शब्द खटकतो. तिथं 'प्रोत्साहन' म्हणावं का?

ताई, शब्द बदलू नका.

'उत्तेजन'मधला धातू तिज्, म्हणजे धार लावणे. तेज, तीक्ष्ण त्याच कुळातले, आपलं तिखटसुद्धा. आता मूळ ग्रीक शब्द पाहा: 'पारोक्सुस्मोस'. त्यातही 'ओक्सुस' म्हणजे तीक्ष्ण! प्रेषितांची कृत्ये 15:39 मध्ये मार्काला सोबत न्यावं की नाही यावरून पौल आणि बर्णबा या सुवार्तेच्या कामातल्या सोबत्यांत इतकं बिनसलं की दोघे वेगळे झाले. त्या भांडणालाही हाच शब्द आहे. आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात (13:5) प्रीती 'चिडत नाही' म्हटलंय, ते क्रियापदही याच घरचं. भांडणाचा शब्द उचलून पत्रकर्त्याने तो प्रीतीच्या कामाला लावला. मला हे फार मोठं वाटतं, आणि 'प्रोत्साहन' घातलं की नेमकं हेच निसटतं.

'प्रोत्साहन' वाईट नाही. त्यात उत्साह आहे. पण ते लांबून, टाळ्या वाजवूनही देता येतं. धार लांबून लागत नाही. सोयाबीन काढणीआधी आपल्याकडे विळे पाजवून आणतात, तेव्हा पाजवणारा आधी विळा हातात घेतो, पातं कुठं बोथटलंय ते बघतो. त्या वचनातही आधी 'लक्ष देऊ' आहे, आणि ग्रीक वाक्यात त्या क्रियापदाचं कर्म 'एकमेकांना' हेच आहे. आधी माणूस नीट पाहायचा.

राहिला 'उत्तेजित'चा प्रश्न. ती छटा भावना भडकण्याची, ती वेगळी ठेवावी. 'मला उत्तेजित केलं' असं साक्षीत, म्हणजे मंडळीपुढं आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, म्हणू नये, 'उत्तेजन दिलं' म्हणावं. नामाचा चांगला अर्थ मराठीत पक्का आहे. पुण्यात 1875 साली निघालेल्या सभेचं नाव 'वेदशास्त्रोत्तेजक'. शाळेतलं 'उत्तेजनार्थ बक्षीस' तर त्या तरुणांनीही घेतलं असेल. त्यांना तिथूनच समजावा.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. उपासना सुटल्यावर एका रिक्षावाल्या पोराला दारातच म्हणाल्या, "बाबा, प्रार्थना लै चांगली केलीस. रिक्षा बी हाय तुझ्याकडं. मंग त्या म्हातारीला दवाखान्यात कोण नेनार?" पोरगा क्षणभर चिडला. मग गेला, आणि आता दर मंगळवारी नेतो.