‘देवानं सांगितलं’, मग पुढे काय? सेवाकार्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या तरुण संघातल्या एका भावाला उपवास-प्रार्थनेत दर्शन झालं, की शेजारच्या वस्तीत मोफत शिकवणी सुरू करा. निम्म्यांना पटलंय, निम्मे गप्प आहेत. निर्णय कसा घ्यावा?

जे गप्प आहेत त्यांना आधी बोलू द्या, पाळकसाहेबांनी आणि पंचांनी शेवटी बोलावं. त्रोवस शहरात ‘आमच्या मदतीला ये’ म्हणणारा मासेदोनियाचा माणूस दर्शनात दिसला तो एकट्या प्रेषित पौलाला. पण निघायचं ठरलं ते सोबत्यांसह (बायबल, प्रेषितांची कृत्ये १६). दर्शन एकाचं असलं तरी पारख मंडळीनं करायची असते.

मग वस्तीत जा. जोडीजोडीनं, पंधरा-वीस घरं, संध्याकाळी सातनंतर. मजुरीला जाणारी माणसं त्याआधी भेटत नाहीत. शिकवणीचं नावही काढू नका. ‘सध्या सगळ्यात जास्त ओढाताण कशाची होते?’ आणि ‘त्यावर तुम्ही काय करून पाहिलंत?’ एवढंच विचारा. उत्तरं त्याच रात्री, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. दोन दिवसांनी आपल्याला हवं तेच आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आरोग्यसेवेसाठी गेले, पण दुष्काळात लोकांची पहिली मागणी होती पाणी आणि अन्न. आधी त्याचीच सोय पाहावी लागली.

लोकांनीच मुलांच्या अभ्यासाचा विषय काढला तर तीन महिन्यांचा प्रयोग करा. आठवड्यातून तीन संध्याकाळी, आठ-दहा मुलांमागे एक शिकवणारा, खोलीत कायम दोन मोठी माणसं, पालकांची लेखी संमती. फेरविचाराची तारीख आजच वहीत लिहा. असे वर्ग बहुतेक एकाच कारणानं बंद पडतात : जूनमध्ये कॉलेजची मुलं हौसेनं उभी राहतात आणि दिवाळीच्या आसपास त्यांच्याच परीक्षा येतात. तेव्हा कोण येणार, ते आधी विचारा. एक कुंपण मात्र ओलांडू नका. गरजू मुलांना मुक्कामी ठेवायला लागलात की ते बालगृह ठरतं आणि बाल न्याय कायदा, २०१५ नुसार नोंदणीशिवाय ते चालवणं गुन्हा आहे.

प्रश्न : ‘रविवारपर्यंत हॉल मिळाला तर देवाची इच्छा’ अशी खूण मागितली होती. मालकानं नाही म्हटलं. काम सोडावं का?

बायबलमधल्या गिदोनानं (शास्ते ६) खूण मागायला लोकर पसरली तेव्हा देवाची आज्ञा त्याला आधीच मिळालेली होती. लोकर त्याच्या भीतीपोटी होती. तुम्ही मात्र खुणेवरच सगळा निर्णय टाकलात. मालकाला कारण विचारलंत का? वीजबिल कोण भरणार, दारावर फलक लागणार का, शेजारी कुरकुर करतील का, अशाच शंका बहुधा निघतात आणि त्या लेखी कराराने सुटतात. अर्धवट तयारीला ‘दार बंद झालं’ म्हणण्याची आपल्याकडे फार सवय आहे. वस्तीतल्या लोकांनीच ‘आम्हाला हे नको’ म्हटलं, तर मात्र थांबा.

प्रश्न : रेशन किट वाटण्याआधी प्रार्थना आणि बायबलवाचन घ्यावं का?

नको. किटसाठी रांगेत उभ्या माणसाला ‘नको’ म्हणायची मोकळीक नसते. मदत बिनशर्त आहे हे तोंडानं सांगा, यादी गरजेवरून करा, वाटप शक्यतो घरपोच करा आणि फोटो काढू नका. ज्याला प्रार्थना हवी तो मागाहून स्वतः विचारील. यादीबाबतही सावध राहा : यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटणीत हेल्लेणी (ग्रीक बोलणाऱ्या यहुदी) विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागलं आणि कुरकुर सुरू झाली. तेव्हा प्रेषितांनी ते काम सात जणांवर सोपवलं, आणि ते सात जण मंडळीनं निवडले. आपली सगेसोयरी यादीत आधी येतात, म्हणून यादी करणारे आणि तपासणारे वेगळे ठेवा.

प्रश्न : परदेशातल्या ओळखीच्या विश्वासणाऱ्यांनी पैसे देऊ केलेत. ही देवाची तरतूदच ना?

असेलही, पण ती कुणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका. परदेशी नागरिक किंवा संस्थेची देणगी घ्यायला संस्थेकडे परकीय योगदान कायद्याखालची (एफसीआरए, २०१०) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत पावतीसोबत ठेवा. परवानगी नसेल तर स्थानिक अर्पणात बसेल एवढंच काम हाती घ्या. पाच मुलांची शिकवणी चालवायला दिल्लीच्या खात्याची गरज पडत नाही.